डीबगर एक, सिस्टिम तीन: संदेशांची भाषा एकसारखी कशी करायची

लिनक्स, मॅकओएस आणि विंडोज अशा तिन्हींवर चालणाऱ्या डीबगरच्या (प्रोग्राम थांबवून त्यातली चूक शोधायच्या साधनाच्या) कामात तुम्ही नव्याने उतरला असाल, तर कुणीतरी हमखास सांगतं, "संदेश जरा एकसारखे करून टाक, सोपं काम आहे." दिसायला सोपं आहे खरं. चार शब्द बदलायचे, पॅच (कोडमधला बदल) पाठवायचा. मग कुणाची तरी स्क्रिप्ट मोडते, विंडोजवरच्या टेस्ट लाल होतात आणि मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) विचारतो, की हा बदल मुळात कशासाठी होता? हे सगळं टाळता येतं. या कामात बराच काळ घालवल्यावर जो क्रम मला बरा वाटतो, तो इथे देतो.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. डीबगरच्या बहुतेक संदेशांत दोन आवाज असतात. एक डीबगरचा स्वतःचा: प्रोसेस थांबली, ब्रेकपॉइंट (थांबायची ठरवून दिलेली जागा) लागला, फाइल उघडता आली नाही. दुसरा ऑपरेटिंग सिस्टिमचा: चुकीच्या मेमरीला हात लावला की लिनक्स, मॅक आणि विंडोज अनुक्रमे देतात ती सिगसेगव्ही, ईएक्ससी बॅड ॲक्सेस, सी००००००५ अशी नावं. एकसारखा करायचा तो पहिला. दुसरा जसाच्या तसा पोचवायचा, कारण अडलेला माणूस नेमका तोच तुकडा उचलून शोधायला जातो. हे दोन आवाज जिथे एकमेकांत मिसळलेत, तिथे ते वेगळे करायचे, एवढंच हे काम आहे. पण ते वेगळे करताना बऱ्याच ठिकाणी पाय घसरतो.

हाताशी काय काय हवं

- तिन्ही सिस्टिमवर तुमच्या डीबगरचा ताजा बिल्ड. व्हर्च्युअल मशीन चालतं. मॅक मात्र खरा मिळाला तर बघा, आणि इंटेल व आर्म दोन्ही मिळाले तर फारच छान.
- एक छोटा सी प्रोग्राम, जो दिलेल्या आर्ग्युमेंटप्रमाणे वेगवेगळ्या तऱ्हेने कोसळतो: नल पॉइंटर, फक्त वाचायच्या मेमरीत लिखाण, शून्याने भागाकार, न संपणारं रिकर्शन, ॲबॉर्ट. शिवाय काहीच न बिघडता एक्झिट कोड १० देऊन बाहेर पडण्याचा एक पर्याय.
- तुमच्या प्रकल्पाचे लेखनाचे नियम. एलएलव्हीएममध्ये (एलएलडीबी हा डीबगर याच प्रकल्पातला) एरर संदेश लहान लिपीतल्या अक्षराने सुरू होतो आणि शेवटी पूर्णविराम नसतो. जीडीबी या दुसऱ्या डीबगरमध्ये बहुतेक संदेश मोठ्या अक्षराने सुरू होऊन पूर्णविरामाने संपतात. यातलं बरं कोणतं, यावर वाद घालू नका. घरचा नियम पाळा.
- स्प्रेडशीट, ग्रेप (फाइलींत मजकूर शोधायची कमांड) आणि मेंटेनरची आगाऊ संमती. शेवटची गोष्ट लोक विसरतात. "असं असं करणार आहे, हरकत आहे का?" एवढं चार ओळींत विचारून ठेवलं, की नंतरची बरीच डोकेदुखी वाचते.

१. आधी प्रोग्राम पाडा, मग कोड उघडा

थेट सोर्समध्ये ग्रेप मारून सुरुवात करायचा मोह होतो. तो आवरा. ग्रेपला ढिगाने स्ट्रिंग सापडतात आणि त्यातल्या बऱ्याचशा कधी कुणाच्या नजरेलाही पडत नाहीत. त्यापेक्षा तो छोटा प्रोग्राम तिन्हीकडे सारख्याच क्रमाने चालवा. ब्रेकपॉइंटवर थांबवा, एक पाऊल पुढे जा, थ्रेडची यादी मागा, लोड झालेल्या लायब्ररींची यादी मागा, मग पाडा. चालत्या प्रोसेसला ॲटॅच होऊन बघा. नसलेली फाइल उघडायला सांगा. सगळं आउटपुट तीन टेक्स्ट फाइलींत साठवा आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा.

एकट्या नल पॉइंटरचं बघा. एलएलडीबी लिनक्सवर थांबण्याचं कारण म्हणून सिगसेगव्ही सिग्नलचं नाव देतो आणि पत्ता मॅप केलेला नाही असं सांगतो. मॅकवर तोच एलएलडीबी ईएक्ससी बॅड ॲक्सेस, कोड १, पत्ता शून्य, असं म्हणतो. विंडोजवर सी००००००५ हे एक्सेप्शन आणि "ॲक्सेस व्हायोलेशन रीडिंग लोकेशन" ही ओळ येते. प्रोग्राम तोच, चूक तीच, डीबगरही तोच. नवख्या माणसाला मात्र ही तीन वेगळी दुखणी वाटतात.

२. कोणता तुकडा कुणाचा, ते लिहून काढा

आता स्प्रेडशीट. एका ओळीत एक प्रसंग, आणि तिन्ही सिस्टिमचे संदेश तीन रकान्यांत. चौथा रकाना महत्त्वाचा: यातला डीबगरचा भाग कोणता आणि सिस्टिमचा कोणता? पाचव्यात तो मजकूर कोडमध्ये कुठे तयार होतो ते लिहा. ग्रेपची पाळी इथे येते.

पाचवा रकाना भरताना लक्षात येईल, की एकाच अर्थाची वाक्यं तीन वेगवेगळ्या फाइलींत तीन वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या काळात लिहिली आहेत. सिस्टिमशी बोलणारा कोड वेगळा असतो, कारण लिनक्सवर तो पीट्रेस वापरतो, मॅकवर माख एक्सेप्शन ऐकतो, तर विंडोजवर डीबग इव्हेंटची वाट बघतो. त्या कोडनेच आपापलं वाक्यही रचलेलं असतं, आणि विसंगतीचं खरं मूळ तिथे आहे. त्यामुळे तीन फाइलींत जाऊन तीन वाक्यं सारखी करणं हा उपाय फार टिकत नाही. पुढचा माणूस त्यातलं एक बदलतो आणि पुन्हा तेच. सिस्टिमच्या कोडने फक्त माहिती द्यावी (काय झालं, कोणता पत्ता, मूळ कोड काय) आणि वाक्य वरच्या, सामायिक थरात एकाच ठिकाणी रचलं जावं, अशी सोय करा.

३. शब्द ठरवा, पण जुने मारू नका

लिनक्सवाला शेअर्ड ऑब्जेक्ट म्हणतो, मॅकवाला डायलिब, विंडोजवाला डीएलएल. डीबगरने स्वतःच्या वाक्यात एकच शब्द वापरावा; मॉड्यूल हा त्यातल्या त्यात कुणालाच न खटकणारा. फाइलच्या नावात शेवटी एसओ किंवा डीएलएल असतंच, त्यामुळे माहिती कुठे जात नाही. कमांडच्या बाबतीत मात्र उदार राहा. जीडीबीत "इन्फो शेअर्डलायब्ररी" ही कमांड आहे आणि "इन्फो डीएलएल" हे तिचंच दुसरं नाव. एलएलडीबीत "इमेज लिस्ट" टाइप केलं तरी "टार्गेट मॉड्यूल्स लिस्ट"च चालते. टाइप करताना माणसाच्या बोटांना जी सवय आहे ती चालू द्या. छापताना मात्र शब्द एकच.

थ्रेडचं प्रकरण जरा जास्त गुंतागुंतीचं आहे. जीडीबी लिनक्सवर थ्रेडचा पत्ता आणि कंसात एलडब्ल्यूपी (कर्नलने थ्रेडला दिलेला) क्रमांक दाखवतो; विंडोजवर प्रोसेसचा क्रमांक दशमानात, टिंब, आणि मग थ्रेडचा क्रमांक हेक्समध्ये (षोडशमानात). दोन्हीकडे सारखा असतो तो डीबगरने दिलेला १, २, ३ असा साधा क्रमांक. तोच पुढे आणा, सिस्टिमचा क्रमांक त्याच्यामागे. थ्रेडचं नावही दाखवत असाल तर लिनक्सवर ते १५ अक्षरांपुढे जात नाही, हे ध्यानात ठेवा. मॅकवर पूर्ण दिसणारं नाव लिनक्सवर तुटलेलं दिसलं, की तुमच्याच पॅचवर खापर फुटतं.

आणखी एक सापळा ॲटॅचचा. विंडोजवर चालत्या प्रोसेसला ॲटॅच झालं, की थांबवण्यासाठी सिस्टिम त्या प्रोसेसमध्ये एक जादा थ्रेड तयार करते. यादीत तो दिसतो आणि लोक घाबरतात: हा कुठून आला? त्याला लपवू नका. "ॲटॅचसाठी तयार झालेला थ्रेड" अशी खूण करता आली तर करा, नाहीतर मदत-पानावर एक ओळ लिहा.

सिम्बॉलचं (कोडमधली नावं आणि ओळी यांच्या माहितीचं) त्या मानाने लवकर उरकतं. "सिम्बॉल सापडले नाहीत" ही चौकट सगळीकडे एक ठेवा, आणि पुढे नेमकं काय शोधलं ते सांगा: लिनक्सवर बिल्ड आयडी, मॅकवर डीसिम या सिम्बॉल फाइलचा यूयूआयडी, विंडोजवर पीडीबी या सिम्बॉल फाइलचा जीयूआयडी आणि एज (आवृत्तीचा आकडा). फाइल सापडली पण ओळख जुळली नाही, हा प्रसंग वेगळा आहे. त्याला वेगळं वाक्य हवं. बऱ्याच डीबगरमध्ये हे दोन्ही प्रसंग एकाच संदेशात कोंबलेले असतात आणि माणूस समोर असलेलीच फाइल तासभर शोधत बसतो.

४. प्रोग्राम का थांबला

सगळ्यात जास्त वाचली जाणारी ओळ हीच, आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं. म्हणून इथे घाई नको.

एक टोक असं, की प्रत्येक सिस्टिमचं कच्चं नाव तसंच फेकायचं. दुसरं टोक जीडीबीने विंडोजवर गाठलं आहे: विंडोजमधला ॲक्सेस व्हायोलेशन तो सिगसेगव्ही म्हणून दाखवतो. दिसायला छान सारखं, पण विंडोजचा कर्नल असा सिग्नल पाठवतच नाही, आणि सी००००००५ हा कोड, ज्यावरून विंडोजवाल्याला लगेच अंदाज येतो, तो त्या ओळीत दिसत नाही. मधला मार्ग असा: आधी साध्या भाषेत प्रसंग, मग सिस्टिमचं मूळ नाव.

"चुकीच्या मेमरीला हात लावला, पत्ता अमुक, सिगसेगव्ही" असं लिनक्सवर. मॅकवर शेवटी ईएक्ससी बॅड ॲक्सेस आणि विंडोजवर सी००००००५. पहिला भाग तिन्हीकडे अक्षरशः एक. हे ठरलं, की कामाचा मोठा भाग झाला असं वाटतं. पण थांबा, खाचखळगे पुढे आहेत.

वाचताना की लिहिताना? विंडोज एक्सेप्शनच्या माहितीतच सांगतं: ० म्हणजे वाचन, १ म्हणजे लिखाण, ८ म्हणजे तिथला कोड चालवायचा प्रयत्न. लिनक्सच्या सिगइन्फोत (सिग्नलबरोबर येणाऱ्या माहितीत) हा खुलासा नसतो. तिथे कोड १ म्हणजे पत्ता मॅपच नाही, आणि २ म्हणजे मॅप आहे पण परवानगी नाही. मॅकवरही योगायोगाने १ आणि २ चा अर्थ जवळपास हाच. तेव्हा सामायिक वाक्यात "वाचताना/लिहिताना" या शब्दाची जागा ऐच्छिक ठेवा. माहिती असेल तर भरा, नसेल तर ती जागा दिसूही देऊ नका. एकसारखेपणाच्या हौसेपायी अंदाजाने "वाचताना" लिहिलं, तर तुम्ही वापरणाऱ्याची दिशाभूल केलीत.

पत्ता शून्य म्हणजे नल पॉइंटर, हे दरवेळी खरं नसतं. इंटेलच्या ६४ बिट प्रोसेसरवर पत्ता ठरावीक साच्यात बसत नसेल (खराब झालेला पॉइंटर असाच दिसतो), तर प्रोसेसर खरा पत्ता सिस्टिमला कळवतच नाही. मग लिनक्स पत्ता म्हणून शून्य देतं, तर विंडोज हेक्समधले सोळा एफ. म्हणजे एकाच खराब पॉइंटरसाठी लिनक्सवर "पत्ता शून्य" छापून आलं, की माणूस नल पॉइंटर शोधत बसतो आणि तो कधीच सापडत नाही. लिनक्सवर हा प्रसंग ओळखता येतो: सिगइन्फोतला कोड १ किंवा २ नसून १२८ असतो. तसं असेल तेव्हा "पत्ता उपलब्ध नाही" असं छापा. संपूर्ण कामात वापरणाऱ्याला सर्वांत उपयोगी पडणारी सुधारणा कदाचित हीच असेल.

शून्याने भागाकार. लिनक्सवर यासाठी येणाऱ्या सिगएफपीईचं वर्णन ग्लिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) "फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन" असं करतं, भागाकार पूर्णांकांचा असला तरी. जीडीबी त्यालाच "अरिथमेटिक एक्सेप्शन" म्हणतो, आणि ते जास्त बरोबर आहे. विंडोजवर सी०००००९४, खास पूर्णांकांसाठीच. आर्म ६४ बिट प्रोसेसरवर मात्र पूर्णांकाला शून्याने भागलं तर प्रोग्राम पडतच नाही, उत्तर शून्य येतं. नव्या मॅकवर तुमची टेस्ट "चालत नाही" याचं कारण डीबगरमध्ये शोधत बसू नका. दोन्ही प्रकारचे मॅक मागितले ते यासाठी.

न संपणारं रिकर्शन विंडोजवर सी०००००एफडी असा स्वतंत्र कोड देतं, सरळ स्टॅक ओव्हरफ्लो. लिनक्सवर तोच साधा सिगसेगव्ही असतो. पत्ता स्टॅक पॉइंटरच्या आसपास आहे का, हे डीबगर स्वतः तपासत असेल तरच लिनक्सवर "स्टॅक ओव्हरफ्लो" म्हणा. तपासत नसेल तर गप्प राहिलेलं बरं.

आणि "क्रॅश" हा शब्द जपून वापरा. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने बांधलेल्या सी++ प्रोग्राममध्ये साधा थ्रोसुद्धा ई०६डी७३६३ या कोडचं एक्सेप्शन म्हणून डीबगरपर्यंत येतो, आणि तोही आधी फर्स्ट चान्स म्हणून, म्हणजे प्रोग्रामला ते हाताळायची संधी मिळण्याआधीच. प्रोग्राम धडधाकट असतो आणि तुमचा संदेश त्याला मेलेला जाहीर करतो. "थांबला" म्हणा. तो खरंच गेला, की "बंद पडला" म्हणायला वेळ आहेच.

५. सिस्टिमकडून आलेला एररचा मजकूर

फाइल सापडली नाही, तर डीबगर बहुधा सिस्टिमलाच विचारतो की काय झालं, आणि मिळालेलं वाक्य आपल्या वाक्याला चिकटवतो. लिनक्सवर "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी". विंडोजच्या स्वतःच्या यंत्रणेकडून "द सिस्टिम कॅनॉट फाइंड द फाइल स्पेसिफाइड", त्यालाच चिकटून पूर्णविराम आणि नवी ओळ. मायक्रोसॉफ्टच्या सी++ लायब्ररीमार्फत विचारलं तर पुन्हा लिनक्ससारखंच, पण पहिलं अक्षर लहान. वेळ संपल्याच्या चुकीला लिनक्स "कनेक्शन टाइम्ड आउट" म्हणतं, मॅक "ऑपरेशन टाइम्ड आउट". शिवाय हा सगळा मजकूर सिस्टिमच्या भाषेप्रमाणे बदलू शकतो.

इथे तीन नियम पुरतात. चौकट आपली: "अमुक फाइल उघडता आली नाही:" आणि पुढे सिस्टिमचा मजकूर. विंडोजकडून आलेल्या मजकुराच्या शेवटची नवी ओळ छाटायची, नाहीतर तुमचं वाक्य मधेच तुटतं. आणि नुसता आकडा कधीही छापायचा नाही. "एरर ११" याचा लिनक्सवर अर्थ "थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा". त्याच चुकीचा मॅकवरचा आकडा ३५. सिग्नलचंही तसंच: सिगबस लिनक्सवर बहुतेक ठिकाणी ७, मॅकवर १०, आणि लिनक्सवरचा १० म्हणजे सिगयूझर१. जीडीबीच्या रिमोट प्रोटोकॉलने या गोंधळाला कंटाळूनच की काय, सिग्नलला स्वतःचे वेगळे क्रमांक दिले आहेत. नाव छापा, आकडा हवाच तर नावानंतर.

६. ॲटॅच होत नाही: इथे सल्ला वेगळाच ठेवा

"या प्रोसेसला ॲटॅच होता आलं नाही" हे पहिलं वाक्य एक असू द्या. त्यापुढचा उपाय एक करायला गेलात तर तो कुणाच्याच कामाचा राहत नाही. लिनक्सवर बहुतेकदा यामा नावाचं सुरक्षा मॉड्यूल आडवं येतं. पीट्रेस स्कोपची किंमत १ असेल, तर साध्या वापरकर्त्याच्या डीबगरला त्याने स्वतः सुरू केलेल्या प्रोसेसखेरीज दुसऱ्या कशालाही सहसा ॲटॅच होता येत नाही. संदेशात त्या सेटिंगच्या फाइलचा पूर्ण मार्ग द्या. मॅकवर डीबगरवर योग्य कोडसाइन (डिजिटल सही) आहे का, आणि समोरचा प्रोग्राम सिस्टिमनेच संरक्षित केलेला तर नाही ना, हे बघावं लागतं. विंडोजवर एरर ५, ॲक्सेस नाकारला, म्हणजे समोरचा प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू असण्याची शक्यता मोठी.

"परवानग्या तपासा" एवढंच लिहून तिन्ही प्रसंग उरकलेले मी पाहिले आहेत. तो संदेश एकसारखा असतो आणि निरुपयोगी असतो. एखाद्या रिव्ह्यूमध्ये तुम्हाला तसं करायला सांगितलं, तर नम्रपणे पण ठाम नकार द्या.

७. आकडे आणि पत्ते

पॉइंटर छापायला सी भाषेची टक्का-पी ही सोय वापरली असेल, तर ती काढा. नल पॉइंटरसाठी ग्लिबसी कंसात निल छापतं, मॅक शून्य-एक्स-शून्य, आणि मायक्रोसॉफ्टची लायब्ररी पुढे काहीच न लावता सोळा शून्यं. बाकी पत्तेसुद्धा मायक्रोसॉफ्टकडे मोठ्या लिपीत येतात. ६४ बिट पूर्णांक म्हणून, ठरावीक लांबीत, लहान लिपीत, पुढे शून्य-एक्स लावून स्वतः छापा.

एक्झिट कोडची तर गंमतच आहे. तुमचा प्रोग्राम १० देऊन बाहेर पडला, की जीडीबी छापतो "एक्झिटेड विथ कोड ०१२". आकडा अष्टमानात असतो, पुढचं शून्य ती खूण, आणि ती खूण ओळखणारे लोक आता थोडेच. विंडोजवर ॲक्सेस व्हायोलेशनने मेलेल्या प्रोसेसचा कोड असा अष्टमानात लिहिला तर ०३०००००००००५ होतो. तोच आकडा दुसरीकडे ३२२१२२५४७७, तिसरीकडे -१०७३७४१८१९, आणि मूळ हेक्समध्ये आपला ओळखीचा सी००००००५. चारही एकच. एलएलडीबी दशमान आणि कंसात हेक्स असं दोन्ही देतो. तीच पद्धत उचला. लहान आकड्यांना दशमान वाचायला बरं, विंडोजच्या मोठ्या कोडना हेक्सशिवाय अर्थ नाही.

८. कळांची नावं

मॅकसाठी सगळीकडे कंट्रोलच्या जागी कमांड असं फिरवू नका. टर्मिनलमध्ये प्रोग्राम थांबवायला मॅकवरही कंट्रोल-सीच लागतं. कमांडची कळ मेनू आणि खिडक्यांच्या शॉर्टकटसाठी. इनपुट संपवायला लिनक्स-मॅकवर कंट्रोल-डी, विंडोजच्या कन्सोलवर कंट्रोल-झेड आणि मग एंटर. आणि "स्टेप इनसाठी एफ११ दाबा" असं लिहिण्याआधी मॅकवर दाबून बघा: डीफॉल्ट सेटिंगमध्ये ती कळ डेस्कटॉप दाखवते.

९. जे मशीन वाचतं त्याला हात लावू नका

तुमच्या डीबगरचं आउटपुट माणसांइतकंच, किंबहुना जास्त, एडिटर आणि स्क्रिप्ट वाचतात. जीडीबीच्या मशीन इंटरफेसमध्ये थांबण्याचं कारण "सिग्नल-रिसीव्ह्ड", "ब्रेकपॉइंट-हिट" अशा ठरीव शब्दांत येतं. ते शब्द म्हणजे करार. व्याकरण खटकलं तरी बदलायचे नाहीत. वरच्या अष्टमानी एक्झिट कोडचंही तेच: मशीन इंटरफेसमध्ये तो तसाच राहू द्या.

एडिटर आणि डीबगर ज्या ठरावीक भाषेत एकमेकांशी बोलतात, त्या डीबग अडॅप्टर प्रोटोकॉलने ही विभागणी नीट केली आहे. थांबल्याच्या इव्हेंटमध्ये "रीझन" हे फील्ड प्रोग्रामसाठी, ठरीव किमतींचं. आणि "डिस्क्रिप्शन" हे माणसाला जसंच्या तसं दाखवण्यासाठी, हवं तर भाषांतरित करून. तुमचा सगळा खेळ डिस्क्रिप्शनमध्ये. तुमच्या डीबगरमध्ये अशी विभागणी नसेल आणि लोक टर्मिनलवरच्या मजकुरावरच रेग्युलर एक्स्प्रेशन चालवत असतील, तर आधी त्यांना वाचण्याजोगा स्थिर मार्ग द्या आणि मग मजकूर बदला. उलट क्रमाने केलं तर शिव्या खाव्या लागतात, आणि त्या रास्त असतात.

भाषांतराची सोय असेल तर वाक्य तुकड्यांनी जोडू नका. "प्रोसेस" अधिक क्रमांक अधिक "थांबली" अशी जुळणी एका भाषेत बसते, दुसऱ्या भाषेत शब्दांचा क्रम उलटतो. पूर्ण वाक्य एकाच स्ट्रिंगमध्ये, जागा सोडून.

१०. टेस्ट

आता प्रत्येक सामायिक वाक्याला एक टेस्ट. वाक्याचा डीबगरचा भाग अक्षरशः तपासा, सिस्टिमचा भाग सैल सोडा. एलएलव्हीएममध्ये या अडचणीवर तयार उत्तर आहे: तिथल्या लिट या टेस्ट चालकात "एररसी-ईनोएंट"सारखे पर्यायी शब्द आहेत, जे त्या त्या सिस्टिमवर फाइल न सापडल्याचा खरा मजकूर स्वतः भरतात. तुमच्या प्रकल्पात तसं काही नसेल तर छोटंसं तयार करा. "मोठं किंवा लहान एन, मग ओ सच फाइल" असली रेग्युलर एक्स्प्रेशन प्रत्येक टेस्टमध्ये पेरत बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

विंडोजवर टेस्ट वगळलेली दिसली, तर वगळण्याचं कारण वाचा. कितीदा तरी ते "मजकूर वेगळा येतो" एवढंच असतं. तुमच्या बदलानंतर ती टेस्ट तिथे पुन्हा सुरू करता येते, आणि मेंटेनरला पटवायला याहून चांगला पुरावा दुसरा नाही.

११. पॅच पाठवताना

एका पॅचमध्ये एकच प्रसंग: थांबण्याचं कारण एकात, एक्झिट कोड दुसऱ्यात, ॲटॅचच्या चुका तिसऱ्यात. वाक्य सामायिक थरात हलवणं आणि वाक्याचे शब्द बदलणं हेसुद्धा वेगळे ठेवा. पहिल्याने आउटपुट बदलायला नको, दुसऱ्याने फक्त आउटपुट बदलावं. रिव्ह्यू करणाऱ्याला मग दोन्ही पटकन तपासता येतात. पॅचच्या वर्णनात तिन्ही सिस्टिमचे आधीचे आणि नंतरचे संदेश चिकटवा. पहिल्या पायरीत साठवलेल्या फाइली इथे कामी येतात. एखाद्या सिस्टिमवर तुम्हाला स्वतः चालवून बघता आलं नसेल तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे कुणीतरी ती मशीन असलेला माणूस पुढे येतो.

मदत-पानं आणि शिकवणी लेखांतली नमुना आउटपुटं त्याच पॅचमध्ये बदला, नंतर कुणी बदलत नाही. आणि प्रकाशन-टिपणात नव्या संदेशाबरोबर जुना संदेशही पूर्ण छापा. पुढची कित्येक वर्षं लोक जुनंच वाक्य कॉपी करून शोधत येणार आहेत.